विश्लेषण : सर्व्हर चालवणारी मोफत साधने कोणाच्या भरवशावर?

सर्व्हरवर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याने घेतला. त्यातून जगभरातील असंख्य लिनक्स सर्व्हर धोक्यात आणू शकणारा चोरदरवाजा उघडकीस आला. तो दडवला होता ‘एक्सझेड यूटिल्स’ या छोट्याशा, मोफत साधनात. बँका, सरकारी संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप यांच्या मागे अशी अनेक मुक्तस्रोत साधने अहोरात्र राबत असतात. यातील महत्त्वाची साधने कोणती, ती कोण सांभाळते आणि निवडताना काय पाहावे, याविषयी…

मुक्तस्रोत म्हणजे नेमके काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो, ते मुक्तस्रोत म्हणजेच ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कोड इंटरनेटवर दिसतो म्हणून तो आपोआप मुक्तस्रोत ठरत नाही. ही मोकळीक परवान्यातून मिळते. कोणता परवाना या व्याख्येत बसतो हे ठरवण्यासाठी १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या व्याख्येत दहा निकष आहेत. ‘हे सॉफ्टवेअर व्यवसायासाठी वापरू नका’ किंवा ‘अमुक कंपनीने वापरू नका’ अशी अट असलेला परवाना त्यात बसत नाही.

या परवान्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एमआयटी, बीएसडी, अपाची हे सैल परवाने. मूळ श्रेय कायम ठेवून कोड हवा तसा वापरण्याची मुभा ते देतात. जीपीएल, एजीपीएल हे कडक परवाने. त्यांतील कोड बदलून इतरांना दिला, तर बदललेला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. एजीपीएल आणखी एक पाऊल पुढे जातो. बदललेले सॉफ्टवेअर नेटवर्कवरून सेवा म्हणून दिले, तरी वापरणाऱ्यांना त्याचा कोड उपलब्ध करून द्यावा लागतो.

डेव्हलपरच्या हाताखालची साधने कोणती?

पहिले नाव अर्थातच गिटचे. लिनक्सच्या विकासासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बिटकीपर’ या साधनाची मोफत वापराची सोय बंद झाली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्याच वर्षी त्यांनी त्याची धुरा जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली आणि तेव्हापासून तेच ती सांभाळत आहेत. कोडमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची वही गिट ठेवते. चूक झाली तर मागच्या आवृत्तीवर परतता येते.

माहिती साठवण्यासाठी पोस्टग्रेस-क्यूएल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या संशोधनातून हा डेटाबेस घडला. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. कोड लिहिण्यासाठी ‘व्हीएस कोड’ हे संपादक लोकप्रिय आहे, पण त्यात एक बारकावा आहे. त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला असला, तरी मायक्रोसॉफ्ट डाउनलोडसाठी देते ती तयार आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली येते. अ‍ॅप आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फायली एकाच डब्यात बंद करून कोणत्याही सर्व्हरवर चालवण्यासाठी डॉकर आणि पॉडमन आहेत. आणि इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारे कर्ल तर मोबाइल, टीव्ही, मोटारी, सर्व्हर अशा अब्जावधी ठिकाणी गुपचूप काम करत असते.

सिस्टीम अ‍ॅडमिनला कशाचा आधार?

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून देणारे ओपन-एसएसएच १९९९ पासून ओपन-बीएसडी प्रकल्पाची मंडळी सांभाळतात. ते नसेल, तर अ‍ॅडमिनला दर वेळी सर्व्हर ठेवलेल्या खोलीत जाऊन बसावे लागेल. पन्नास सर्व्हरवर एकच बदल करायचा असेल तर अ‍ॅन्सिबल मदतीला येते. काय हवे ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे, बाकीचे काम ते एसएसएचवरून उरकते. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही.

सर्व्हरची तब्येत पाहण्यासाठी प्रोमिथियस, ग्राफाना आणि झॅबिक्स ही साधने आहेत. डिस्क भरत आली, मेमरी संपत आली की ती आधीच इशारा देतात. ‘नेट स्लो आहे’ ही कार्यालयातली सनातन तक्रार सोडवायला वायरशार्क उपयोगी पडते. नेटवर्कवरून जाणारे प्रत्येक पाकीट त्यात उलगडून पाहता येते. १९९८ मध्ये ‘इथेरियल’ नावाने आलेल्या या साधनाला २००६ मध्ये आजचे नाव मिळाले. बॅकअपसाठी रेस्टिक आणि बोर्ग आहेत. दोन्ही साधने माहिती कुलूपबंद करून साठवतात आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा साठवून जागा वाया घालवत नाहीत.

अलीकडे चर्चेत आलेले नाव प्रॉक्समॉक्सचे. एकाच मोठ्या यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवण्यासाठी वर्षानुवर्षे व्हीएमवेअर हाच परिपाठ होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. खर्चाचे गणित बिघडलेल्या अनेक संस्था तेव्हापासून व्हिएन्नातील कंपनीने बनवलेल्या, एजीपीएल परवान्याच्या प्रॉक्समॉक्सकडे पाहू लागल्या.

ही साधने सांभाळते कोण?

यातच खरी मेख आहे. मुक्तस्रोत साधनांचे तीन प्रकारचे राखणदार दिसतात. पहिला प्रकार संस्थेचा. लिनक्स फाउंडेशन किंवा अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली प्रकल्प चालतो आणि अनेक कंपन्यांचे अभियंते त्यात काम करतात. दुसरा प्रकार एका कंपनीचा. साधन खुले, पण मुख्य प्रोग्रामर, नाव आणि बोधचिन्ह कंपनीचे. तिसरा प्रकार एखाद-दुसऱ्या व्यक्तीचा. नोकरी सांभाळून, रात्री किंवा सुटीच्या दिवशी ती मंडळी हे काम करतात.

तिसऱ्या प्रकारातील साधने बहुधा सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत खोलवर रुतलेली असतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. सर्व्हरच्या मेमरीतील गुपिते त्यातून बाहेरच्यांना वाचता येत होती. इंटरनेटवरील आर्थिक व्यवहारांचा मोठा भाग ज्या साधनावर विसंबून होता, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या जेमतेम दोन हजार डॉलरच्या घरात होत्या, हे तेव्हा जगाला कळले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला.

आता या राखणदारांवर नवा भार पडतो आहे. कर्लचे जनक, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षे एआयने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीरपणे बोलत आहेत. दिसायला मुद्देसूद, पण तपासल्यावर पोकळ निघणारी तक्रार खोडून काढण्यात माणसांचे तास खर्ची पडतात. अखेर २०२६ च्या सुरुवातीला कर्लने दोष दाखवणाऱ्यांना पैसे देण्याची योजनाच बंद केली.

एक्सझेड प्रकरणात काय घडले?

एक्सझेड हे फायलींचा आकार लहान करणारे साधन. फिनलंडचे लासे कॉलिन ते जवळपास एकट्याने, कोणतेही मानधन न घेता सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी मदतीला आले आणि छोट्या-मोठ्या सुधारणा पाठवू लागले. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी ‘कामे रखडतात, नवा माणूस घ्या’ असा तगादा लावला. आपण मानसिक आरोग्याच्या अडचणींतून जात आहोत आणि हा छंद म्हणून चालवलेला, बिनमोबदल्याचा प्रकल्प आहे, असे कॉलिन यांनी तेव्हाच सांगितले होते. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळत गेले.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. त्याचे घातक तुकडे चाचणीच्या फायली असल्याचे भासवून ठेवले होते. ते जोडणारा धागा मात्र उघड कोडमध्ये नव्हता, फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होता. त्यामुळे कोड वाचणाऱ्यालाही सहज संशय आला नसता. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला एसएसएचमार्फत सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता आला असता. या दोषाला गंभीरतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले.

मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे, पोस्टग्रेस-क्यूएलचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना चाचण्या करताना एसएसएच विनाकारण प्रोसेसर खात असल्याचे दिसले. त्यांनी धागा सोडला नाही आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. तोवर बाधित आवृत्ती डेबियन, फेडोरा आदींच्या फक्त चाचणीच्या शाखांत पोहोचली होती. आणखी काही महिने गेले असते, तर ती जगभरातील स्थिर सर्व्हरवर गेली असती. ‘जिया टॅन’ कोण, हे आजवर उघड झालेले नाही.

या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. कोड खुला असूनही चोर आत शिरला, हे खरे. पण कोड खुला होता म्हणूनच त्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका अभियंत्याला चोर पकडता आला, हेही तितकेच खरे. दारावर पहारा एकाच थकलेल्या माणसाचा होता, हा मात्र निर्विवाद धडा.

परवानाच बदलला तर?

दुसरा धोका चोरीचा नाही, व्यवसायाचा आहे. सर्व्हर उभारणीचा आराखडा लिहिण्यासाठी वापरले जाणारे टेराफॉर्म २०१४ पासून मुक्तस्रोत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्प या कंपनीने त्याचा परवाना बदलला. कोड दिसत राहिला, पण कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा देण्यास मनाई झाली. नाराज मंडळींनी जुन्या परवान्यातील कोड उचलून ‘ओपनटोफू’ हा वेगळा प्रकल्प उभारला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला. पुढे आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरला हॅशीकॉर्प विकत घेण्याचा करार केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पूर्ण झाला.

माहिती क्षणार्धात हाताशी ठेवणाऱ्या रेडिसची कहाणीही तशीच. मार्च २०२४ मध्ये त्याचा सैल बीएसडी परवाना गेला. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल आदींच्या पाठिंब्याने ‘व्हॅल्की’ची घोषणा झाली. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय देऊन मुक्तस्रोताच्या अंगणात पुन्हा पाऊल टाकले. इलॅस्टिकसर्चनेही २०२१ मध्ये परवाना बदलला आणि २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय आणला. मधल्या काळात अ‍ॅमेझॉनने सुरू केलेले ओपनसर्च रुजले होते.

कंपन्यांचे म्हणणे असे की, साधन आम्ही घडवायचे आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी ते भाड्याने देऊन पैसे कमवायचे, हा कुठला न्याय? या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र, मुक्तस्रोत म्हणून ज्यांनी साधन स्वीकारले, त्यावर शिकवण्या घेतल्या, सुधारणा पाठवल्या, त्यांची फसगत झाल्याची भावनाही खोटी नाही. वापरणाऱ्यांसाठी मुद्दा एवढाच, की मुक्तस्रोत परवान्याखाली एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. त्यामुळे नवा प्रकल्प उभा राहू शकतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ही वाटच नसते.

भारतात चित्र काय?

केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी प्रकल्पांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सामावणारी लिनक्स प्रणाली तयार केली. उद्योगांचे हिशेब, साठा, पगार सांभाळणारे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुंबईतील फ्रॅपे कंपनीचे साधन. त्याचा परवाना जीपीएल आहे. ज्याला जमेल त्याने स्वतःच्या सर्व्हरवर बसवावे, ज्याला नको त्याने कंपनीकडून सेवा घ्यावी, असे त्याचे गणित. मराठी मुलखात घडलेले साधन जगभर वापरले जाते, ही दखल घेण्याजोगी बाब आहे.

तरीही आपली ओळख घडवणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांची अधिक. बेंगळूरुच्या झिरोधा या दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातील मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपला व्यवसाय ज्या साधनांवर उभा राहिला त्यांची परतफेड, अशी त्यामागची भूमिका. असा विचार करणाऱ्या कंपन्या अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

सरकारी पातळीवर ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटक-यादीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. चिवड्याच्या पाकिटामागे डाळ, दाणे, तेल यांची यादी असते, तशी सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणती बाहेरची साधने आहेत याची यादी ठेवायची. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावा साधनातील गंभीर दोष उघड झाला, तेव्हा ते आपल्याकडे कुठे कुठे बसलेले आहे हेच अनेक संस्थांना सांगता येत नव्हते. यादी हाताशी असेल तर हा शोध मिनिटांचा.

निवडताना काय पाहावे?

तालुक्याची पतसंस्था असो, साखर कारखाना असो की अभियांत्रिकी महाविद्यालय, तिथे संगणक विभाग बहुधा एक-दोन माणसांचाच असतो. त्यांच्यासाठी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. शेवटची आवृत्ती केव्हा आली? गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या लोकांनी कोडमध्ये भर घातली? एकच नाव पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर पर्याय शोधून ठेवावा. सुरक्षेतील दोष कळवण्याची ठरलेली जागा आहे का? परवाना कोणता आणि तो बदलण्याचा हक्क एकट्या कंपनीकडे आहे का? आपली माहिती दुसऱ्या साधनात नेता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते का?

त्यानंतर शिस्तीचा भाग. साधन प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावे. नवी आवृत्ती थेट मुख्य सर्व्हरवर न घालता आधी बाजूच्या यंत्रावर चालवून पाहावी. पण त्या नावाखाली सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन्‌महिने लांबवू नयेत. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता तो परत उतरवून पाहावा. आणि आपण वापरतो त्या साधनांची यादी, साध्या तक्त्यात का होईना, लिहून ठेवावी.

परवान्याचे पैसे वाचले म्हणजे खर्च शून्य झाला, असे नसते. ते साधन जाणणारा माणूस लागतो, त्याला वेळ आणि प्रशिक्षण लागते. अनेक प्रकल्प सशुल्क साहाय्यही देतात. महत्त्वाच्या कामासाठी ते घेण्यात कमीपणा नाही.

पुढे काय?

युरोपीय महासंघाचा ‘सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट’ डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. डिजिटल वस्तू विकणाऱ्या कंपनीला आतील मुक्तस्रोत घटकांच्या सुरक्षेची जबाबदारीही घ्यावी लागेल. ना नफा तत्त्वावर कोड लिहिणाऱ्या स्वयंसेवकावर ती पडू नये, अशी काळजी कायद्यात घेतलेली आहे. युरोपात सॉफ्टवेअर पाठवणाऱ्या पुण्या-बेंगळूरुच्या कंपन्यांनाही याची तयारी करावी लागणार आहे.

कायदा जबाबदारी ठरवू शकतो, राखणदार निर्माण करू शकत नाही. ते वापरणाऱ्यांतूनच यावे लागतात. त्यासाठी प्रत्येकाने कोड लिहायलाच हवा असे नाही. दोष सापडला तर तो नीट पडताळून कळवणे, माहितीपत्रकातील चूक दुरुस्त करणे, मराठीत भाषांतर करणे, कंपनीच्या वार्षिक अंदाजपत्रकात देणगीची एक ओळ घालणे, हेही राखणदारीचेच काम. एक्सझेडचा चोरदरवाजा बंद झाला. पण एकट्याच्या खांद्यावर उभी असलेली साधने आजही शेकड्यांनी आहेत आणि त्यातील एखादे आपल्या सर्व्हरवरही असण्याची शक्यता मोठी आहे.